संकलन संपल्यानंतर : एका छोट्या मराठी चित्रपटाच्या प्रमाणपत्राची हकिगत

आमच्या चित्रपटाचे संकलन ऑगस्ट २०२४ मध्ये संपले आणि केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे, म्हणजे लोक ज्याला सेन्सॉर म्हणतात त्याचे, प्रमाणपत्र जानेवारी २०२५ मध्ये हाती आले. मधल्या काळात नेमके काय काय करावे लागते, हे सांगणारे कोल्हापुरात आम्हाला फारसे कोणी भेटले नाही. ज्यांनी पूर्वी चित्रपट केले होते त्यांतल्या बहुतेकांनी हे काम मुंबईतल्या एखाद्या मध्यस्थाकडे सोपवले होते आणि ‘तू कशाला डोक्याला ताप करून घेतोस’ हाच त्यांचा सल्ला होता. मध्यस्थाला द्यायला पैसे नव्हते हे खरेच. पण आपल्या चित्रपटाविषयी कोणी काय विचारले आणि त्यावर काय उत्तर दिले गेले, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची माझी तयारी नव्हती. म्हणून अर्ज आम्हीच केला. त्याच वाटेने जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सगळे क्रमाने लिहीत आहे.

चित्रपट ९६ मिनिटांचा आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देणाऱ्या एका कुटुंबाची ती गोष्ट आहे. गोष्टीत दोन म्हशी, एक रेडकू, विडी ओढणारे आजोबा आणि कर्जापायी कीटकनाशकाच्या बाटलीपर्यंत पोहोचणारा धाकटा मुलगा आहे. हे मुद्दाम आधीच सांगतो, कारण या चार गोष्टींतली प्रत्येक गोष्ट पुढे एकेक कागद मागत आली. पटकथा लिहिताना यातले काहीच मनात नसते आणि नसावेही. पण चित्रीकरणाची तारीख ठरवण्यापूर्वी एकदा पटकथा पुढ्यात घेऊन जनावर कुठे आहे, तंबाखू कुठे आहे, दारू कुठे आहे आणि एखाद्या कंपनीचे नाव कुठे दिसते आहे याची खूण करून ठेवावी. एका संध्याकाळचे काम आहे.

जनावरांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण त्यांची परवानगी चित्रीकरणापूर्वी घ्यावी लागते. २००१ च्या नियमांनुसार चित्रपटात जनावर वापरायचे असेल, तर पशु कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करायचा असतो. हे मंडळ पूर्वी चेन्नईला होते, आता हरियाणातल्या बल्लभगढला आहे. कोणत्या दृश्यात जनावर नेमके काय करणार आहे, त्याचा मालक कोण, त्याची संमती आहे का, जनावर निरोगी असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला आहे का, अशी सगळी माहिती त्या अर्जासोबत जाते. चित्रीकरण झाल्यावर ती दृश्ये आणि कागद पुन्हा पाठवून ना-हरकत पत्र मिळवायचे आणि तेच पत्र पुढे प्रमाणन मंडळाच्या अर्जाला जोडायचे. आम्ही हे वेळेवर केले होते, कारण आमच्या निर्मिती व्यवस्थापकाने एका मालिकेत बैलगाडीच्या दृश्यावरून झालेला गोंधळ जवळून पाहिला होता. म्हशींचे मालक मात्र संमतिपत्रावर सही करताना थांबले आणि म्हणाले, ‘‘रोज पहाटे मी हिला कट्ट्यावर न्हेतोय, तवा कोन कागद मागत न्हाई. तुमी क्यामेरा लावला की लागतोय व्हय?’’ या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. त्यांनी सही केली आणि पशुवैद्यकाला गोठ्यात आणण्याची व्यवस्थाही स्वतःच केली.

सप्टेंबरचा महिना संवादसंहिता तयार करण्यात गेला. प्रमाणनासाठी जी संहिता द्यायची, ती चित्रीकरणाला वापरलेली चालत नाही; अंतिम संकलनात जे बोलले गेले आहे ते शब्दशः उतरवावे लागते. आमचे अर्धे संवाद नटांनी आपल्या बोलीत वळवून घेतलेले होते, त्यामुळे मी आणि सहायक दिग्दर्शिका हेडफोन लावून ओळन् ओळ लिहीत बसलो. या कामात एक सोय करून घेता आली. मार्च २०२४ मध्ये श्रवणदोष आणि दृष्टिदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली होती आणि आज ना उद्या मराठीतल्या पडद्यावरच्या ओळी सगळ्यांनाच कराव्या लागणार हे तेव्हाच दिसत होते. म्हणून आम्ही संवाद लिहितानाच प्रत्येक ओळीची वेळ नोंदवली आणि एकाच बैठकीत संहिता आणि मराठी ओळींची फाइल, दोन्ही तयार केली. इंग्रजी उपशीर्षके एका मित्राच्या बहिणीने १८,००० रुपयांत करून दिली. तिचा बाजारभाव यापेक्षा बराच जास्त आहे.

त्यानंतर डीसीपीचे काम. चित्रपटगृहातल्या प्रोजेक्टरला लागणारी ही प्रत लॅपटॉपवरच्या मोफत सॉफ्टवेअरनेही करता येते, पण ५.१ ध्वनी (सगळ्या बाजूंनी येणारा आवाज) आणि रंग यांची जबाबदारी घेणारे कोणीतरी असावे म्हणून आम्ही ती अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओकडून ३०,००० रुपयांत करून घेतली. त्या माणसाने दिलेला सल्ला सोन्याचा निघाला. संपूर्ण चित्रपट एकसंध न ठेवता रिळांमध्ये विभागून प्रत करा, म्हणजे मंडळाने एखादा बदल सुचवला तर तेवढेच रीळ बदलता येईल, असे तो म्हणाला. आज फिल्मची रिळे उरलेली नाहीत, पण त्यांची ही विभागणी खर्च वाचवते. दुसरे म्हणजे चित्रीकरण पहिल्यापासून सेकंदाला २४ फ्रेमनेच करावे. लग्नाचे आणि दूरदर्शनचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या कॅमेऱ्यात २५ फ्रेमची सवय बसलेली असते. अशा चित्रफितीतली प्रत्येक फ्रेम जपून ती २४ वर आणली, तर ती सुमारे चार टक्क्यांनी लांबते, आवाज किंचित खाली उतरतो आणि अर्जात लिहिलेली लांबी व प्रत्यक्ष लांबी यांत फरक पडतो.

डीसीपी आली तेव्हा ती कोल्हापुरातल्या एका एकपडदा चित्रपटगृहात सकाळच्या खेळाआधी लावून पाहिली. व्यवस्थापकांनी त्याचे दोन हजार रुपये घेतले आणि वर चहा पाजला. आमचे पहिले दृश्य पहाटे चारच्या गोठ्यातले आहे. एका कंदिलाच्या उजेडात आजी धार काढते, एवढेच त्यात घडते. संकलनाच्या पडद्यावर त्यात म्हशीच्या पाठीवरचा ओला चकाकता केस दिसत होता आणि आजीच्या मनगटावरचे गोंदण वाचता येत होते. त्या चित्रपटगृहात यातले काहीही दिसेना. काळ्या पडद्यावर दुधाची एक पांढरी रेघ वरून खाली येत होती आणि चरवीत पडल्याचा आवाज होत होता. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला होता. पडद्यावर १४ फूट-लॅम्बर्ट उजेड पडावा असे मानक आहे, इथे त्याच्या निम्माही पडत नसावा. छायाचित्रकार आधी चिडला. मग तोच म्हणाला की महाराष्ट्रातल्या निम्म्या तालुक्यांत आपला चित्रपट असाच दिसणार आहे. रंगसंस्कार पुन्हा उघडून गोठ्याचा काळोख थोडा वर उचलला. मला अजूनही पहिला काळोख अधिक आवडतो, पण तो फक्त माझ्या खोलीत दिसत होता.

विडीचा प्रश्न याहून अवघड होता. तंबाखूचा वापर दाखवणाऱ्या चित्रपटाला सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर किमान ३० सेकंदांच्या आरोग्यविषयक चित्रफिती आणि तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी किमान २० सेकंदांचे निवेदन दाखवावे लागते, हे प्रेक्षक म्हणून सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्याखेरीज दृश्य चालू असताना पडद्यावर इशारा असावा लागतो आणि तो चित्रपटाच्या भाषेत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांत, वाचता येईल असा हवा. आजोबा विडी पेटवतात ते दोन ठिकाणी, आणि त्यातले एक त्याच गोठ्यातल्या काळोखात होते. कंदिलाच्या उजेडासाठी आम्ही एवढा जीव टाकला होता, आणि तिथे खाली ट्यूबलाइट लावल्यासारखी पांढरी पट्टी येणार होती. रात्री उशिरापर्यंत वाद झाला. शेवटी गोठ्यातल्या दृश्यासाठी दुसरा टेक शोधला, ज्यात आजोबा विडी कानामागून काढतात, न्याहाळतात आणि परत ठेवतात. अर्थात विडीचे नुसते दिसणेही नियमांत बसते की काय, अशी शंका संकलकाने काढली, तेव्हा गोठ्यातल्या दृश्यातून विडीच काढून टाकली. अंगणातल्या दृश्यात मात्र विडी ठेवली, तिथे पट्टी लावली आणि ती कथेला का आवश्यक आहे याचे एक पानभर स्पष्टीकरण लिहिले. ते पान लिहिताना प्रथमच माझ्या लक्षात आले की आजोबा मुलाशी जे काही खरे बोलतात ते विडी हातात असतानाच बोलतात. पटकथा लिहिताना हे मी ठरवलेले नव्हते.

अर्ज ऑक्टोबरच्या मध्यावर ऑनलाइन भरला. ‘ई-सिनेप्रमाण’ या संकेतस्थळावर अर्जदाराची नोंदणी करून सगळे कागद तिथेच चढवायचे असतात. अर्जदार, शीर्षक नोंदणीच्या पत्रावरचा निर्माता आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीतला निर्माता ही तिन्ही नावे अक्षरशः एकसारखी असावीत. संस्थेच्या नावातले ‘अँड’ एका ठिकाणी पूर्ण आणि दुसऱ्या ठिकाणी चिन्हाने लिहिलेले असले तरी शंका निघते. कथासार, संवादसंहिता, गाण्यांचे शब्द, श्रेयनामावली, संगीताच्या हक्कांची पत्रे, पशु कल्याण मंडळाचे ना-हरकत पत्र आणि शुल्क अशी सगळी जुळणी होती. शुल्क चित्रपटाच्या लांबीवर ठरते आणि घाई असेल तर जास्त शुल्क भरून प्राधान्याने परीक्षण करून घेण्याचीही सोय नव्या नियमांत आहे. आम्हाला प्रदर्शनाची तारीखच मिळालेली नव्हती, त्यामुळे घाई करण्यात अर्थ नव्हता.

मग वाट पाहणे सुरू झाले. एका कागदावर शंका आली, तिचे उत्तर दिले, दिवाळी आली, नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि तुळशीचे लग्न लागून लग्नसराई सुरू झाली. माझे पोट लग्नाच्या चित्रफितींवर चालते. दिवसभर हळदीची आणि अक्षतांची दृश्ये लावायची आणि मधूनच संकेतस्थळावर जाऊन अर्जाची स्थिती पाहायची, असे ते दिवस होते. कलावंताचे आयुष्य म्हणून जे बोलले जाते, त्यात या दिवसांचा उल्लेख सहसा नसतो, पण माझ्या वाट्याला तरी तेच सर्वाधिक आले आहेत. एक मजेशीर गोष्ट मात्र घडली. चित्रपट पूर्ण व्हायच्या आधी महाद्वार रोडवर कोणी भेटले की ‘काय, झाला का सिनेमा?’ या प्रश्नाने मी अवघडून जात असे. आता ‘सेन्सॉरला आहे’ एवढे म्हटले की समोरचा माणूस आदराने मान डोलावत असे. ‘मंडळाचे अधिकृत नाव १९८३ पासून प्रमाणन मंडळ आहे’, अशी दुरुस्ती मी कोणालाही केली नाही.

याच काळात काही कागदांच्या खुलाशासाठी पेडर रोडला जाणे झाले. मंडळाचे कार्यालय फिल्म्स डिव्हिजनच्या संकुलात आहे आणि त्याच आवारातल्या गुलशन महालात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. कामासाठी जाणाऱ्याने दोन तास हाताशी ठेवून ते पाहावे. फाळक्यांनी १९१३ मध्ये आपला पहिला चित्रपट लोकांना दाखवला, तेव्हा प्रमाणपत्र नावाची गोष्टच नव्हती. कायदा १९१८ मध्ये आला आणि मुंबईत मंडळ १९२० मध्ये बसले. त्याच वर्षी आमच्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ आला आणि त्यातल्या कीचकवधाच्या दृश्याला कात्री लागली. म्हणजे आमच्या गावाचा या खात्याशी संबंध पहिल्या वर्षापासूनचा आहे. हे आठवून उगीचच जरा धीर आला.

परीक्षणाची तारीख डिसेंबरमध्ये मिळाली, तीही ऐन लग्नाच्या मुहूर्तावर. एका मित्राला कॅमेऱ्यावर बसवून मी आणि निर्माता महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो. हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून उशीखाली ठेवली होती आणि दुसरी प्रत निर्मात्याच्या पिशवीत होती. खासगी प्रेक्षागृहाचे भाडे अर्जदारानेच भरायचे असते. ते आम्हाला १२,००० रुपये पडले. तासभर आधी पोहोचावे, प्रत चढवून घ्यावी आणि ध्वनी सगळ्या बाजूंनी येतो आहे ना एवढे पाहून घ्यावे.

परीक्षण समितीत सल्लागार सदस्य आणि एक परीक्षण अधिकारी असतात. आमच्या वेळी सदस्यांत निम्म्या स्त्रिया होत्या. अर्जदाराला आत बसता येत नाही. दारापाशीच्या बाकावर बसून मी फक्त आवाज ऐकत होतो आणि आवाजावरून आत कोणते दृश्य चालू आहे हे कळत होते. स्वतःचा चित्रपट नुसता ऐकण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. एका ठिकाणी पार्श्वसंगीत नको होते, हे मला तिथे कळले.

चित्रपट संपल्यावर सदस्यांनी आपापले अभिप्राय लिहिले आणि मग आम्हाला आत बोलावले. वातावरण सभ्य होते. गोठा, म्हशी, बोली यांविषयी दोन-तीन प्रश्न झाले. मग त्यांनी शिफारस सांगितली. दोन शिव्यांचा आवाज बंद करावा, कीटकनाशकाच्या बाटलीवरचे कंपनीचे नाव धूसर करावे आणि चित्रपटाला ‘यूए १६+’ (सोळा वर्षांखालच्यांनी पालकांच्या सल्ल्याने पाहावा असे) हे प्रमाणपत्र द्यावे. धाकट्या मुलाचे बाटलीचे दृश्य सव्वा मिनिटाचे आहे. ते बरेच कमी केले तर ‘यूए १३+’ चा विचार करता येईल, असेही त्यांनी सांगितले. शिव्या आणि लेबल या गोष्टींना आम्ही तिथेच होकार दिला. दृश्यासाठी विचार करायला वेळ मागितला.

परतीच्या प्रवासात वाद रंगला. निर्मात्याचे म्हणणे होते की ‘१६’ हा आकडा पाहून कुटुंबे तिकीट काढणार नाहीत. त्याची भीती खोटी नव्हती. त्याने आपली जमीन गहाण टाकली होती. पण कायदा काय सांगतो ते मी वाचून गेलो होतो. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग पडले, ते पालकांच्या माहितीसाठी आहेत. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश नाकारावा लागतो. ‘यूए’ च्या कोणत्याही भागात आईबापांसोबत आलेल्या मुलाला दारावर अडवले जात नाही. दूरचित्रवाणीवर दाखवण्याची अडचण येते तीही ‘ए’ आणि ‘एस’ (डॉक्टरांसारख्या विशिष्ट प्रेक्षकांसाठीचा) या वर्गांना. म्हणजे ते दृश्य कापून आम्हाला मिळणार होता तो जाहिरातीवरचा एक लहान आकडा. शिवाय त्या दृश्यात मुलगा बाटलीचे झाकण उघडतो, आतून म्हैस हंबरते आणि धारेची वेळ झाली म्हणून तो उठतो. ही जी लांबण आहे तिच्यातच तो वाचतो. घाईने उठला असता तर ते खोटे वाटले असते. कराडच्या पुढे कुठेतरी निर्मात्याने ‘राहू दे’ म्हटले आणि तो झोपला. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी नियम वाचून मगच आत जावे, हे मी आग्रहाने सांगेन. समितीचा निर्णय अगदीच अमान्य असेल तर पुनरीक्षण समितीकडे जाता येते. त्यापुढचे अपिलीय न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाले असल्याने मग थेट उच्च न्यायालय गाठावे लागते, आणि आमच्यासारख्यांना ते परवडणारे नाही.

अधिकृत पत्र आल्यावर दोन्ही बदल केले. कोणत्या वेळेला काय होते आणि आता काय आहे याचा तक्ता फ्रेमपर्यंतच्या वेळेसह द्यावा लागतो, तो संकलकाकडूनच करून घ्यावा. रिळे वेगळी ठेवल्यामुळे डीसीपीत दोनच रिळे बदलावी लागली आणि ८,००० रुपयांत काम भागले. मंडळाचे शुल्क सोडून हा सगळा खटाटोप, प्रवास आणि राहण्यासकट, लाखाच्या आत बसला. चित्रपटाच्या अंदाजपत्रकात आम्ही यासाठी वेगळी रक्कम धरली होती, म्हणून तो पेलला. पुष्कळ जण इथपर्यंत येतात तेव्हा खिसा रिकामा झालेला असतो आणि संगणकात पूर्ण झालेला चित्रपट वर्षानुवर्षे पडून राहतो. असे दोन चित्रपट मी स्वतः पाहिले आहेत, आणि ते आमच्या चित्रपटापेक्षा चांगले आहेत.

जानेवारीत प्रमाणपत्र आले. ते आता कायमचे वैध असते. पूर्वीची दहा वर्षांची मुदत गेली आहे. प्रत्येक खेळाआधी ते पडद्यावर दहा सेकंद दाखवायचे असते, त्यामुळे ते डीसीपीच्या सुरुवातीला जोडण्यासाठी पहिले रीळ पुन्हा करावे लागते, हे खर्चात धरून ठेवावे. चित्रपटगृहात दाखवायच्या ट्रेलरला स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र प्रमाणपत्र लागते. तो अर्ज चित्रपटासोबतच तयार ठेवला, तर प्रदर्शनाच्या तोंडावर धावपळ होत नाही. राज्य शासनाच्या अनुदानासाठीही हे प्रमाणपत्र लागतेच आणि त्याची फाइल वेगळी आहे. ती मी गेल्या आठवड्यात उघडली आहे.